माझ्यामागे दुकानावर कोणाची पाटी लागेल याविषयी

मी, बाजाराच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवीत आहे. कोणाचा दबाव आहे का, असे वकीलबाईंनी रीतसर विचारले. दबाव सगळ्यांचाच आहे. मी तो घेतलेला नाही, एवढे नोंदवावे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते डॉक्टर जावयाचे मित्र निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे.

कलम १. दुकान, मागची खोली, धुलाईचे यंत्र आणि सगळ्या इस्त्र्या माझ्या थोरल्या मुलीस मिळाव्यात. माझे यजमान गेल्यापासून ती माझ्याबरोबर त्या वाफेत उभी आहे. जावयाचा यात संबंध नाही. तो भला माणूस आहे, आणि भला आहे म्हणूनच कोणी काही मागितले की देऊन बसतो.

कलम २. बँकेतली शिल्लक धाकट्या मुलास मिळावी. तो परगावी असतो. पूर्वी सठीसामाशी फोन करायचा, हल्ली रोज करतो. का, ते मी विचारलेले नाही.

कलम ३. समोरच्या औषधवाल्याने माझी शिडी नेली, पायरी मोडून परत आणली आणि ती आधीच मोडकी होती असे मलाच ऐकवले. ती शिडी त्याला द्यावी. मोडक्या पायरीसकट.

कलम ४. दुकानाच्या दाराशेजारची भिंत. नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीला मी तिथे पाटी लावते: अमक्याला माझा पाठिंबा आहे. पक्ष बघत नाही. निवडणूक नसताना जो गल्लीत दिसतो, त्याचे नाव लिहिते. माझ्या पाटीवर गल्लीची मते फिरतात, असा उमेदवारांचा समज आहे. खरे किती ते ठाऊक नाही. पण समज आहे तोवर ते माझ्याशी नीट बोलतात.

यजमान गेले त्याच वर्षी माझे धाकटे दीर उभे राहिले होते. बांधकामाची कंत्राटे घेतात ते. मी पाटी लावली नर्सबाईंची, कारण गल्लीत कोण आजारी आहे हे त्यांना विचारावे लागत नसे. दीर पडले. निकालाच्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, घरच्या माणसाला पाडलंत."

मी म्हटले, "घरचं माणूस घरात शोभतं, भाऊजी. पालिकेत गल्लीचं माणूस जाऊ द्या."

त्यानंतर बोलणे बंद झाले. निम्मे दुकान आपले आहे, असे ते चारचौघांत सांगू लागले, आणि मी रात्रीच्या कुलुपाला दुसरे कुलूप जोडले.

आता मी अंथरुणाला खिळल्यावर हेच दीर रोज सकाळी दूध घेऊन येतात. उशाशी बसतात, पंखा कमीजास्त करतात, जातात. निवडणूक तोंडावर आलेली. पहिले काही दिवस ते दूध मी मांजरीला घातले. मांजर ठणठणीत आहे. शेवटी मीच म्हटले, "भाऊजी, काय हवंय ते बोलून टाका. भिंत की दुकान?"

ते उठून पंखा कमी करून आले आणि म्हणाले, "तेव्हा पडलो ते बरं झालं, वहिनी. निवडून आलो असतो तर मुलांच्या मैदानावर दुकानांचे गाळे उभे राहिले असते. शब्द देऊन बसलो होतो."

मला तेव्हा नेमका हाच संशय होता. पण माणूस आपणहून इतके खरे बोलू लागला की माझा जीव जास्तच धास्तावतो. मी विचारले, "मग या वेळी कोण?"

"बसवालीची पाटी लावा. माझं काही नाही त्यात."

पंचाईत इथे झाली. शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईचे नाव मी मनात आधीच धरले होते. गटार फुटले तेव्हा मुले पडू नयेत म्हणून तिने बस आडवी लावून रस्ता अडवला, आणि दुरुस्तीची माणसे निघेपर्यंत पालिकेच्या पायऱ्यांवर बसून राहिली. पण दिरांनी तिचे नाव घेताच ती मला नकोशी झाली. मी तिला बोलावून घेतले आणि तोंडावर विचारले, "माझ्या दिरांनी तुला काय कबूल केलंय?"

"प्रचाराला गाडी देतो म्हणाले होते, काकू. मी नको म्हटलं."

"का नको?"

"उद्या गाडीची आठवण करून द्यायला आले असते."

"मग ते काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, वहिनीसारखीच आहेस."

मी तिला चहा दिला आणि त्याच दुपारी मुलीकडून पाटी रंगवून घेतली.

आमच्या प्रभागातून दोघे निवडायचे असतात. दुसरे नाव कवायतीच्या मास्तरांचे. ते मैदान राखतात. माझ्या दुकानाचे साबणाचे पाणी रस्त्यावर येते म्हणून ते माझ्याशी कडाकडा भांडले होते. मला राग आला, तो अजून आहे. पण मताला घाबरणारा माणूस पाठिंबा देणाऱ्या बाईशी भांडत नाही. त्यांची पाटी लावावी. मी त्याआधी गेले तरी दोन्ही पाट्या मतदान होईपर्यंत भिंतीवर राहाव्यात.

त्यानंतर माझा पाठिंबा संपला. माझा फोटो कोणी फलकावर छापू नये, "काकूंचा आशीर्वाद" असे लिहू नये; मी कोणालाही आशीर्वाद देऊन ठेवलेला नाही. पुढच्या खेपेला हे दोघे उभे राहिले, तर आधी मुलीने त्यांना नीट पारखावे. पाटी कोणाची लावायची ते तिने ठरवावे, कोणाचीच लावायची नसेल तर भिंत कोरी ठेवावी.

कलम ५. दिरांस काहीही नाही.

सही: लाँड्रीवाल्या काकू
ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: मतदानाआधीचा रविवार

साक्षीदार पहिल्या: नर्सबाई. यांनी सगळे वाचून सही केली.

साक्षीदार दुसरे: माझे धाकटे दीर. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही आणि नंतर तक्रारही जड जाते, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मी मुद्दाम त्यांनाच बोलावले. सही केलीत तर दुकानावर पाणी सोडावे लागेल, हे सर्वांसमक्ष सांगितले आणि कागद वाचायला पुढे केला. चष्मा आणला नाही म्हणाले, आणि कुठे करायची विचारून सही केली. चष्मा सदऱ्याच्या खिशात दिसत होता.