आईच्या गाठीबद्दल तुला न कळवलेलं

वरकुटे, ता. इंदापूर
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय अनुप,

तुझं पत्र मिळालं. आई झोपेतच गेली, तिला काही सोसावं लागलं नाही, हेच मोठं समाधान, असं तू लिहिलंस. ते वाक्य वाचल्यापासून शाळेत शिकवताना माझं मन लागत नाही. ते खरं नाही, अनुप. ऑगस्टमध्ये फोनवर मी तुला खोटं सांगितलं, आणि लगेच येऊ नकोस म्हणून अडवलं ते त्यासाठीच. आईला हृदयाचं काही झालं नव्हतं. तिला स्तनाचा कॅन्सर होता.

तुझी इंग्लंडहून पत्रं यायची तेव्हा मी ती आईला दोनदोनदा वाचून दाखवायची. छातीत गाठ असलेल्या बाईला त्या मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये पालथं झोपवतात, तोंडावर मास्क लावून जास्त ऑक्सिजनची हवा देतात, मग गाठीच्या कुठल्या भागात ऑक्सिजन पोचला आणि कुठल्या नाही ते चित्रात दिसतं, असं तू लिहिलं होतंस. जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथं किरणांचा उपचार कमी लागू पडतो, हेही. आई ऐकताना पदराखाली हात धरून बसायची. तिला थंडी वाजते असं मला वाटायचं.

या एप्रिलमध्ये तिच्या चोळीला डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "गळू हाय." मी जबरदस्तीनं चोळी सोडवली. डाव्या बाजूची कातडी फुटली होती, कडुलिंबाचा पाला बांधलेला होता, आणि वास येत होता. गेल्या वर्षीच्या ज्वारीच्या काढणीपासून तिला ठाऊक होतं. चौदा महिने! मी तिच्यावर ओरडले, अनुप. त्या अवस्थेत तिच्यावर ओरडले.

बारामतीच्या डॉक्टरांनी बघताच पुण्याला पाठवलं. आता ऑपरेशन होण्यासारखं नाही, आधी किरणं देऊन बघू, असं तिथं सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाच आठवडे दवाखान्याजवळच्या खोलीत राहिलो. तुला मात्र सांगितलं, आई माझ्याबरोबर पुण्यात सुट्टीला आली आहे. किरणांनी छाती भाजून काळी पडली. गाठ कडेनं जरा बसली, पण मधला भाग दगडासारखाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "मधला भाग दाद देत नाही." तर आईच म्हणाली, "मधी वारं पोचत न्हाय, म्हणून व्हय?" डॉक्टर बघतच राहिले. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माज्या लेकानं. त्यो हेच शिकतोय तिकडं." इतक्या दिवसांत तेवढीच एकदा ती हसली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता अनुपला कळवू. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "न्हाय करुणा. त्यो रोज अशाच बाया तपासतो. माजं कळलं की परतेक बाईत त्याला मीच दिसंल. मग त्याचा हात कसा चालायचा? शिकून होऊ दे त्याचं." तिनं शपथ घातली, आणि मी ती घेतली. खरं सांगते, मला बरंच वाटलं. तुला हे सांगायची हिंमत माझ्यातच नव्हती. तू दर रविवारी शेजारच्या कुशाबाईंकडे फोन करायचास आणि मी "सगळं ठीक हाय" म्हणून ठेवून द्यायची.

शेवटचे दीड महिने फार वाईट गेले. फुप्फुसात पाणी झालं. तिला आडवं होता येत नव्हतं, उशांना टेकून बसायची आणि श्वासासाठी तोंड उघडायची. इंदापूरहून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला होता. मास्क लावला की म्हणायची, "अनुपच्या बायांना असाच लावत्यात का गं?" मी व्हय म्हणायची. वीस ऑगस्टला दुपारी गेली. जाताना ती शुद्धीवर होती. तुझं नाव दोनदा घेतलं.

तू चिडशील. चिड. आता तुझं उत्तर मला हवं आहे ते एकाच गोष्टीचं: ती चौदा महिने आधी बोलली असती तर वाचली असती का? नाही असलं तरी लिही, आणि हो असलं तरी लिही.

आणि हे आजच का लिहिते आहे तेही सांगते. तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना मला उजव्या छातीत वाटाण्याएवढी गाठ लागली. आठ दिवस मीही गप्प राहिले. माझ्या पिंकीची सहामाही परीक्षा होऊ दे, म्हटलं. मग माझीच मला भीती वाटली. बारामतीत सुई घालून तपासलं. काल रिपोर्ट आला, कॅन्सरच आहे. मंगळवारी पुण्याला दाखल होते आहे, ऑपरेशन करायचं आहे. पिंकीला रात्री सगळं सांगितलं. ती माझ्या कुशीत येऊन झोपली. माझ्या बाबतीत तरी तुला मागाहून कळू नये, म्हणून तुलाही सांगितलं. हे पत्र मिळेल त्या रविवारी कुशाबाईंकडे फोन कर. पिंकी उचलेल, आणि जे असेल ते खरं सांगेल.

तुझीच,
आक्का