मायरोनने नळ उघडे ठेवले

योर्कटन, सस्कॅचेवान
७ ऑक्टोबर

प्रिय ओरिसिया,

तुझा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. कोबी काढला, आंबवायलाही घातला. कालपासून थंडी कडक पडायला लागली आहे.

रविवारी फोनवर तू रडलीस. मायरोनला मी केअर होममधून दिवसभरासाठी घरी आणलं, हे तुला तिथल्या नर्सबाईंकडून कळलं. "माझ्या भावाला तू अजून माणूस समजतेस, वहिनी," असं म्हणालीस. मी 'अगं, त्यात काय' म्हटलं आणि कौतुक गुपचूप पदरात पाडून घेतलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

मी त्याला भेटीसाठी आणलं नव्हतं गं. कॅम्परसाठी, त्याच्या त्या सहलीच्या घरगाडीसाठी आणलं होतं.

थंडीआधी गाडीतलं सगळं पाणी काढून पाइपांत ते न गोठणारं गुलाबी पाणी भरावं लागतं, नाहीतर पाइप फुटतात. इतकी वर्षं ते त्यानंच केलं. मी आत नळापाशी उभी राहायचे आणि रंग आला की "गुलाबी!" म्हणून ओरडायचे, एवढंच माझं काम. यंदा एकटीनं करायला गेले, तर कुठला व्हॉल्व्ह कुणीकडे फिरवायचा काही कळेना. गॅरेजवाल्याला महिनाअखेरपर्यंत सवड नाही. शेजारच्या स्टॅननं आनंदानं करून दिलं असतं, पण एवढी घाई कसली, हेही त्यानं विचारलं असतं. ते मला सांगायचं नव्हतं.

मायरोनला माझं नाव आठवत नाही, हातांना मात्र सगळं आठवत होतं. पलंगाखालची फळी काढून त्यानं गरम पाण्याच्या टाकीची वाट बंद केली, पंपाची नळी गुलाबी पाण्याच्या डब्यात सोडली आणि मला दरडावलं, बघत काय बसलीस, नळाकडे जा. अगदी पूर्वीसारखा. मी "गुलाबी!" ओरडले की खूश होऊन हसायचा. शॉवर मी विसरले होते, तोही त्यालाच आठवला. शेवटी त्यानं सगळे नळ उघडे ठेवले, फ्रिजचं दार मिटू नये म्हणून त्यात टॉवेल अडकवला.

मग हात पुसून तो स्टिअरिंगसमोर जाऊन बसला. पट्टा लावला, टोपी नीट केली.

"किल्ली दे. ओरिसियाला वाटेत घेऊ."

होममध्ये ठेवण्याआधी एकदा त्याला नेहमीच्या तळ्यावर नेऊ या, असं तू किती विनवलं होतंस, आणि मी म्हणाले होते, कशाला नसती दगदग. मी त्याला म्हटलं, बर्फ वितळलं की जाऊ. तो पट्टा काढून उतरला.

"मग पाणी भरायच्या आधी नळ बंद कर. विसरशील तू."

मी हो म्हणाले.

ओरिसिया, गाडी मी विकली आहे. पुढच्या आठवड्यात नेतील. पाइप शाबूत हवेत, एवढीच त्यांची अट होती. त्याची गाडी मी त्याच्याच हातून परक्यांसाठी तयार करून घेतली, आणि तो आपला सहलीच्या तयारीत. लाज वाटते गं. आरशात बघवत नाही.

मला ती चालवता येत नाही, पण तुला येते. गाडी जायच्या आत ये. हवं तेवढं बोल मला, पण त्याला एकदा तळ्यावर घेऊन जा. पाइपांतलं गुलाबी पाणी तसंच राहू दे, प्यायचं पाणी मी डब्यांतून भरून देईन. रोज भेटायला गेले की विचारतो, नळ बंद केलेस का?

अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझी वहिनी,
डोरीन