बारावी चूल

प्रिय दाल्माझो,

तुला एक आजी आहे. डोंगरावर असते, फार बोलते. आठवली का? हे पत्र टपालवाली देल्फिना लिहितेय, आणि मी बोलते त्याहून बरंच सभ्य लिहितेय असा मला संशय आहे.

बर्फ यंदा लवकर आला. तुझी शेळी आटली. नगराध्यक्षांनी दाढी काढली आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. आणि हो, मोजणी झाली. बारा धुराड्यांतून धूर निघाला तर रोक्कास्पिनाची नगरपालिका आपली राहणार, एक जरी कमी पडलं तर खालच्या गावात जाणार. तू तुरिनला गेल्यापासून दर नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी, मोजणीसाठी तुझ्या घरची चूल मीच पेटवते. मोजणीचा साहेब चर्चपुढे उभं राहून धुराडी मोजायचा, पेलाभर वाइन घ्यायचा, जायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यालाही असणार.

यंदा नवा आला. नाक गळणारा, भला पोरगा. बारा मोजली त्यानं. पण तुझ्या दारापर्यंत बर्फात एकट्या माझ्याच पावलांची वाट होती, ती त्यानं पाहिली. इथं कोण राहतं, म्हणाला. म्हटलं, माझा नातू, लाकडं आणायला गेलाय. मग हाक मारा, म्हणाला.

आता सांग, काय करणार होते मी? मारली हाक. मग नगराध्यक्षांनी मारली. मग सगळं गाव, म्हणजे सोळा माणसं, रानाकडे तोंड करून तुझ्या नावानं ओरडत राहिलं. बांधावरून वीस वर्षं आपल्याशी न बोलणारा बेर्तू सगळ्यांत मोठ्यानं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, की तू झाडांतून येशील. पोरगा अर्धा तास थंडीत थांबला. मग हळूच म्हणाला, "आजी, पुरे आता. घसा बसेल तुमचा."

तुझ्यावर राग नाही रे. सोबत एक कागद आहे. तू इथं राहत नाहीस, एवढंच त्यात आहे म्हणे. त्यावर सही कर, नाहीतर साहेबाशी खोटं बोलले म्हणून मला खाली कचेरीत नेतील. मी माझा अंगठा दिलाय. आयुष्यात इतकं हलकं काम मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कागदावर टेकलेला अंगठा काही उचलेना. नव्या वर्षाला नगरपालिकेचा शिक्का खाली जाईल. त्याआधीच्या रविवारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवणार आहोत. पाव, बटाटे आहेत. कागदाबरोबर डबाभर खारवलेले मासे पाठव, तेलातले नकोत. आणि चॉकलेट पाठवू नकोस, निम्म्या गावाला दात नाहीत.

तुझीच,
आजी