पाडव्याची पंगत माझ्या पश्चात मोडू नये म्हणून

मी, मुकुंद विश्वनाथ लासूरकर, वय चौपन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे (सध्या रजेवर, आणि डॉक्टरांचे चेहरे पाहता पुन्हा हजर होण्याची शक्यता नाही), राहणार समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अन्ननलिका नाही. गाठीमुळे घास उतरत नाही, पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न जाते. कुणाचा दाब नाही, कसली नशाही नाही. दुसरी गोष्ट मी खेदाने लिहितो.

१. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, वडिलोपार्जित नाही. हे वाक्य धाकटे बंधू माधव यांनी दोनदा वाचावे. घर मी माझी मुलगी मृण्मयी हिला देत आहे. माझी आई यमुनाबाई हिला तिची खोली हयातभर राहील. तिने कुठे राहायचे ते तीच ठरवील. आई कुणाच्या नावे करून देता येत नाही.

२. बँकेतील ठेवी मुलगा सुयश याला. त्याला हे आधी विचारले आहे. "बाबा, घर ताईलाच द्या, मला पुण्यातून छताची गळती बघता येणार नाही," असे तो म्हणाला. एवढा समंजसपणा त्याने शाळेत संस्कृतच्या तासाला दाखवला असता तर मी आणखी चार वर्षे जगलो असतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

३. ग्रंथ शाळेला द्यावेत. न घेतल्यास आग्रह करू नये.

४. जिन्याखालच्या कपाटातील रेड वाईनच्या बाटल्या आणि बूच काढण्याचा स्क्रू माझे जावई संघपाल यांना. त्यामागची हकीकत लिहिणे भाग आहे, कारण माधवने ती भाऊकीत वेगळी सांगितली आहे.

संघपाल वाळूजला अभियंता आहेत, बजाजनगरात राहतात. मृण्मयीने त्यांच्याशी लग्न केले तेव्हा आमच्याकडे कुणी भांडले नाही. फक्त सगळे फार हळू बोलू लागले. पहिल्या दिवाळसणाला, पाडव्याच्या पंगतीला, ते रेड वाईनची एक बाटली घेऊन आले. सासरी रिकाम्या हाताने कसे जायचे, एवढाच त्यांचा विचार होता. माधव म्हणाला, "पंगतीत काचेची बाटली नको, दादा. गुत्ता वाटतो. तांब्याच्या कळशीत ओत, तांब्याला विटाळ नसतो." दुपारीच त्याने ती स्वतः ओतली. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू नये, कळकते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाईनही आंबटच असते, हे मात्र त्या दिवशी एकाही द्विजाच्या ध्यानात आले नाही. रात्री मला, सुयशला आणि संघपालला मळमळले. माधवने कुतूहलापोटी दोन फुलपात्री घेतली होती, त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून तो सांगत सुटला की जावयाने विष आणले. "दारूच्या पंगतीला मी बसत नाही," असे म्हणून त्याने पाडव्याला येणे सोडले. त्याच्या चितेगावच्या कारखान्यात दसऱ्याला कसल्या बाटल्या फुटतात ते मला माहीत आहे. बाटलीला नावे ठेवली, म्हणजे जातीचे नाव तोंडाने घ्यावे लागत नाही. इतकी सोय शास्त्रकारांनाही सुचली नव्हती.

आई तेव्हापासून पाडव्याला आधीच आपल्या खोलीत जेवून घेते. मी तिला कधी का म्हणून विचारले नाही.

५. पाडव्याचे जेवण. माझ्या माघारी वर्षभर सण करायचा नाही, अशी रीत पुढे केली जाईल. एकदा खंड पडला की ही पंगत पुन्हा बसणार नाही, आणि काहींना तेच हवे आहे. म्हणून येत्या पाडव्याला जेवण झालेच पाहिजे. याला आधार काय, असे विचारतील. आधार मी.

स्वयंपाक असा करावा. रेड वाईन मुळात कषाय रसाची, कच्च्या सुपारीसारखी जीभ आखडून धरणारी. तिला स्निग्ध सोबत लागते. म्हणून भरली वांगी, दाण्याचा आणि तिळाचा कूट सढळ, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. भाजलेल्या वांग्याचे भरीतही चालेल, धुराचा वास तिला मानवतो. सुरणाचे काप तुपात खरपूस परतावेत. येसराची आमटी चालते, तिखट बेताने. कारले नको: तिक्त आणि कषाय एकत्र आले की आमच्या भाऊकीची बैठक होते. ठेचा नको, वाईन घशात पेटते. श्रीखंडाबरोबर ती अगदी दीनवाणी लागते, तेव्हा गोड वाढायच्या आत प्याले उचलावेत. दिवाळीत आपल्याकडे उकाडा असतो, बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. प्याले काचेचे.

हे सारे संघपाल आणि मी दर पाडव्याला चाखत, चुकत शिकलो. आतल्या खोलीतून आईचा आवाज यायचा, "यंदा कशाबरोबर घेतलंत रे?"

"वांग्याबरोबर, आई."

"मग तेल कमी पडलं असंल. तुझी मुलगी हात आखडते."

तेल खरेच कमी असायचे. आता मला वास तेवढा कळतो, चव आठवणीतून लिहिली आहे.

माझ्या पाटावर संघपाल यांनी बसावे. त्यांच्या शेजारी आईचे ताट मांडावे. माधवलाही बोलावावे. तो येणार नाही. पण फोन सुयशने करावा, नकार जावयाच्या कानावर पडू नये.

६. कलम पाच लिहिताना साक्षीदार कडुबा म्हस्के शेजारी होते. आम्ही एका शाळेत शिकवतो. मूळचे पाचोडचे, विषय भूगोल, त्यामुळे सगळीकडे शिरतात. म्हणाले, "सर, मृत्युपत्रात वांग्याची भाजी कुणी लिवतं व्हय? कोर्टात जज्जाला भूक लागंल." मी म्हटले, लागू दे. माझी स्कूटर त्यांना द्यावी.

७. लिहून झाल्यावर साक्षीदारांसमक्ष आईला वाचून दाखवले. ती विटाळाचे काहीतरी बोलेल असे मला वाटले होते, उत्तरेही तयार होती. तिने पूर्ण ऐकले. म्हणाली, "जावयाला तुझ्या पाटावर बसवतोस, बसव. पोरगा गुणाचा आहे."

"आणि तुझं ताट, आई?"

"तू होतास तेव्हा मी आत बसून जेवले, मुकुंदा. दाराशी यायचे, तुमचं हसणं ऐकायचे, परत फिरायचे. आता तू गेल्यावर कुठल्या तोंडानं येऊन बसू?"

मी असतानाच ती बसावी म्हणून आज पंगत मांडावी, तर मला घास उतरत नाही.

कलम पाच मी खोडलेले नाही. तिला कुणी आग्रह करू नये. ताट मांडावे, वाढावे, आणि तिच्या खोलीचे दार उघडे ठेवावे.

वरील सर्व मी शुद्धीत लिहिले, वाचले आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. पितृपक्ष चालू आहे. अशा दिवसांत मृत्युपत्र करू नये म्हणतात, पण पुढच्या पंधरवड्याची खात्री मला कुणी देत नाही.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

(सही) मुकुंद विश्वनाथ लासूरकर

साक्षीदार:
१. (सही) कडुबा म्हस्के, शिक्षक
२. (सही) डॉ. रूपा कुलथे. लिहिणाऱ्याची मनःस्थिती स्वस्थ असल्याचे मी तपासले आहे.