पुन्हा मोज

बीरगांव, रायपूर
२ जुलै २००३

चि. रुचितास, मावशीचे अ. आ. व सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. इकडे सारे खुशाल. लंडनच्या विद्यापीठात राहून आफ्रिकेतल्या दवाखान्यांचे आकडे खरे का खोटे ते तपासणारी पोट्टी आमच्या घरची, हे मी भाजीवालीलेही सांगून राहिली! आता आपल्या इकडचेही आकडे तपासून राहिली, अन् चिठ्ठ्या टाकल्या तर लसीकरणाचं आमचंच केंद्र निघालं म्हणतेस? पाह्य न खुशाल! शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लेकराइले गोवराची लस दिली मी. पंधरा ऑगस्टले त्याचाच सत्कार आहे, साडी घेऊन ठेवली. जेवत जा वेळेवर.

माया आहेच, पत्राची वाट पाह्यतो आम्ही.
मीरामावशी

लंडन
२४ जुलै २००३

ती. मीरामावशीस सा. जयभीम. वि. वि.

तुझं केंद्र, म्हणून मी मोजणीपासून दूर राहिले. सहकारी घरोघर फिरले. शंभरातल्या एकाहत्तर मुलांनाच लस मिळाली आहे, मावशी. त्यावरून अहवाल मात्र मीच लिहिला, तो काल गेला. आधी तुला कळवलं असतं तर माझा हात अडखळला असता.

कारखान्यातले मजूर खोली बदलतात, मुलाचं कार्ड हरवतं. तू न रागावता नवं कार्ड करून देतेस आणि रजिस्टरात त्याला नव्यानं लिहितेस. तेच मूल दोनदा मोजलं गेलं, आणि लस न मिळालेली मुलं त्यामागे झाकली गेली. तू खोटं काही लिहिलं नाहीस, हे अहवालात आहे. तरी सत्कार माझ्यामुळे जाईल. दारोदार जाऊन विचारायचं मी तुझ्याच सायकलवर मागे बसून शिकले गं.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
तुझीच रुचिता

बीरगांव
२० ऑगस्ट २००३

चि. रुचितास अ. आ.

खरं सांगते, दोन दिवस तुझं नाव निघालं की डोकं भणभणे. तीस वर्षं उन्हातान्हात फिरली, अन् घरच्याच पोट्टीनं माझं माप काढलं!

तिसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन भनपुरीकडच्या नव्या खोल्यांवर गेली. पहिल्याच दारात दीड वर्षाची सोनिया. तिची माय म्हणे, दीदी, इथवर कोणी आलंच नाही. लय लाज वाटली, बाई. माझ्या कागदावर ते लेकरू नव्हतंच.

सत्काराले मी आपणहून नाही म्हटलं. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, एका अहवालाले काहून घाबरता? मी म्हटलं, घाबरून नाही राहिली, तो माझ्या भाचीच्या हातचा आहे, अन् खरा आहे.

आजवर छप्पन लेकराइले टोचलं. तू हुशार आहेस, पण तुझा एकाहत्तरचा आकडा आता जुना झाला. पुन्हा मोज.

लोभ आहे, त्याले तपासणी लागत नाही.
तुझी मीरामावशी