काकांच्या श्वासापुरती ओळ

७ जानेवारी

चि. चिमणीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू छापखान्यात दिवसभर लोकांची पुस्तकं पानांवर मांडतेस, तेव्हा ही तक्रार तुझ्याकडेच यायची. झटका आल्यापासून तुझ्या काकांचा हात सुधारला, पाय सुधारला, पण जीभ अजून रुसलेलीच आहे. ज्या माणसाने सलूनमध्ये दाढी करताना कुठल्या गिऱ्हाइकाला एक शब्द बोलू दिला नाही, त्याला आता पाणी मागतानाही घाम फुटतो. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज मोठ्याने वाचायला द्या, मात्र ओळ एका श्वासात मावेल एवढीच ठेवा. म्हणून मी ह्यांचेच दुकानातले किस्से कॉम्प्युटरवर लिहायला घेतलेत.

ओळ संपली की मी एंटर दाबते. पण हा दीडशहाणा प्रोग्राम खाली एवढी जागा सोडतो, की ह्यांना वाटतं किस्सा संपला! एक ओळ वाचून कागद बाजूला ठेवतात आणि चहाच्या कपाकडे बघतात. पुढच्या महिन्यात बाईंच्या केंद्रात सगळे पेशंट चारचौघांत वाचणार आहेत. ह्यांनीही वाचावं, असं फार वाटतं. काहीतरी सुचव. नमुन्याचं पान सोबत आहे.

माया आहेच, ती अशीच राहो.
तुझी मावशी


१५ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पान बघून आधी हसले, मग डोळे पुसले. अगं, एंटर दाबलंस की प्रोग्रामला वाटतं, नवा परिच्छेद आला. म्हणून तो मध्ये जागा सोडतो. शिफ्ट दाबून धर आणि मग एंटर दाब. ओळ तुटेल, परिच्छेद मोडणार नाही. काकांना म्हणावं, चहा किस्सा संपल्यावर.

हेडमास्तर साहेबांच्या टकलाचा किस्सा मात्र हवाच!

तुझ्या रागावण्यासकट तू हवीस.
चिमणी


२४ जानेवारी

चि. चिमणीस, आशीर्वाद.

शिफ्ट दाबलं आणि फसले. ओळी जवळ आल्या, पण त्यातले तीन-तीन शब्द पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांगले, भांडून वेगळे बसल्यासारखे. हे प्रत्येक मोकळ्या जागेशी थांबले. पुढचा शब्द सापडेना. चेहरा लालबुंद झाला. शेवटी कागदाचा बोळा करून कोपऱ्यात फेकला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हापासून कागद पुढे केला की मान हलवतात. केंद्रात जाणार नाही, असं हातानेच सांगितलं.

मी चांगलं करायला गेले आणि त्यांचा उरलासुरला धीरही घालवला की काय, असं झालंय. तुझ्या आईजवळ बोलू नकोस, ती उगाच धावत येईल.

मावशी


२९ जानेवारी

ती. मावशीस, सा. न.

चूक काकांची नाही, तुझीही नाही. पान देखणं दिसावं म्हणून तू दोन्ही कडा सरळ करून ठेवल्या असशील. आखूड ओळ मग रबरासारखी ताणली जाते. सगळा मजकूर निवड आणि कंट्रोलसोबत एल दाब. सगळं डावीकडे येईल. उजवी कड वेडीवाकडी दिसेल, दिसू दे. अक्षर मोठं केलंस तर 'हेडमास्तर साहेब'मधला 'साहेब' कदाचित एकटाच खाली घसरेल. त्या दोघांच्या मध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेस दे, म्हणजे तुमच्यासारखीच जोडी फुटणार नाही.

आणि रागावू नकोस, पण ओळी तू एकटीने तोडू नकोस. किस्सा त्यांचा, श्वासही त्यांचा. तू वाच, ते थांबवतील तिथेच तोड.

मी दोघांच्या खुशालीची वाट बघतेय.
चिमणी


२० फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक, अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं केलं. मी वाचत होते, हे आधी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. मी एका चुकीच्या जागी थांबले, तर ह्यांनी न राहवून बोटांची कात्री करून हवेत कचकन चालवली. मग काय, संपूर्ण किस्सा त्यांनी कापून दिला, केस कापावेत तसा!

काल केंद्रात वाचला. ते हेडमास्तर साहेब खुर्चीत बसून म्हणाले होते ना, की मागचे केस पुढे आणा, तोच. आवाज कापरा होता, पण एकेक ओळ उतरत गेली. शेवटच्या ओळीत मात्र मधेच थांबले. तिथे ओळ तुटलेली नव्हती. मला वाटलं, अडखळले. मी पुढचा शब्द पुटपुटायला लागले, तर माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. सगळ्यांवरून नजर फिरवली, सावकाश, एकेकाकडे. आणि मग म्हणाले, की आणतो साहेब, पण त्यांना वाट सापडायला हवी ना!

अगं, काय हसले सगळे! बाई तर खुर्चीवरून पडायच्या बाकी. अडखळले नव्हते गं ते. लोकांना ताटकळत ठेवत होते, दुकानात ठेवायचे तसेच.

घरी आल्यावर मी विचारलं, तिथे ओळ तोडून ठेवू का. तर 'नको' म्हणाले. अगदी स्पष्ट.

तुझ्यावरचं आमचं प्रेम दोघांकडून धर.
मावशी