रीनाच्या आंब्याच्या आकृतीबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, सालेझरी, जि. गडचिरोली

विषय : इयत्ता सातवीतील कु. रीना बुधू नरोटे हिला विज्ञानात मिळालेल्या शून्याचा फेरविचार होणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. ३ मे १९९९ चा अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

अर्जदार वाकडीझरा येथील शाळेत विज्ञान व गणित शिकवते. सातवीच्या प्रयोगवहीत ‘आंबा कापून उभ्या छेदाची आकृती काढा’ असा प्रयोग आहे. मार्चअखेर साऱ्या वर्गाच्या आकृत्या आल्या, रीनाचे पान कोरे राहिले. विस्तार अधिकाऱ्यांनी ‘विद्यार्थिनी आळशी’ असा शेरा मारून प्रात्यक्षिकात शून्य दिले. तेवढ्याने ती नापास झाली. गावात सातवीपुढे शाळा नाही, आणि आठवीसाठी वसतिगृहात मिळालेली तिची जागा याच आठवड्यात दुसऱ्या मुलीला जाईल.

अर्जदाराने घरी चौकशी केली असता रीनाची आई सोनीबाई म्हणाली, “पंडुम झाल्याबिगर आंब्याले हात नाई लावत, बाई. मंग पोरगी कापन कशी?” पंडुम म्हणजे नवे फळ आधी देवाला देण्याचा गावाचा सण. यंदा पूजा करणारे भूमिया पोचू यांच्या घरी सुतक आल्याने तो लांबला. मार्गदर्शक पुस्तकातून आकृती उतरव, असे सुचवल्यावर रीनाने विचारले, “पण ‘कापून’ लिवलं आहे ना, बाई?” बाकी वर्गाने मार्गदर्शकातूनच उतरवली होती. त्यांना पूर्ण गुण आहेत.

ही सबब वर्गाला फार आवडली. बांगडीवाले बाबूभाई यांचा फैज दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “बाई, माह्या गणिताचा पंडुम अजून नाई झाला.” त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की गणित चुकले तर सारे हसतात, म्हणून तो ते सुरूच करत नाही. तेव्हापासून रोजचे पहिले गणित अर्जदार फळ्यावर स्वतः चुकवते. वर्ग पोटभर हसतो, फैज उठून ते दुरुस्त करतो आणि त्या भरात पुढचीही सोडवून टाकतो. नेमक्या याच तासाला विस्तार अधिकारी आले व ‘शिक्षिकेचे गणित कच्चे’ हा शेराही नोंदला गेला. त्याबद्दल तक्रार नाही. फैज पास झाला.

काम लांबवणारी सगळी मुले एकाच कारणाने लांबवत नाहीत. कुणाला भीती असते, कुणाला कंटाळा, आणि एखादी खरोखरच थांबलेली असते. विचारल्याशिवाय शिक्षकाला हा फरक कळत नाही. शेरा मारायला मात्र विचारावे लागत नाही.

पंडुम मे महिन्यात झाला. त्याच दुपारी रीनाने आंबा कापून आकृती काढली. कोय विळ्याला दाद देईना म्हणून कुऱ्हाड घेतली. पानावरील डाग त्याचे आहेत. आकृती तपासून गुण द्यावेत, ही विनंती.

अर्जदाराचा पहिला अर्ज सव्वा महिना आपल्या कार्यालयात विचाराधीन आहे. त्यालाही काही रास्त कारण असेल. विचारल्याशिवाय अर्जदार त्याला आळस म्हणणार नाही. विचारता यावे म्हणूनच हा अर्ज टपालाने न पाठवता रीनाच्या हाती दिला आहे. निर्णय होईपर्यंत ती आपल्या दाराबाहेरील बाकावर बसेल. थांबणे तिला जमते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र
सईदा शेख, सहायक शिक्षिका
वाकडीझरा, दि. १४ जून १९९९

सोबत : आंब्याची आकृती (डागांसह), गुणपत्रिकेची प्रत व कु. रीना.